मध्यस्थाचे विद्यापीठ

आपल्याकडील दीक्षान्त समारंभांतून हल्ली ‘ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था’, ‘उद्योगांच्या गरजा’, ‘कुशल मनुष्यबळ’ हे शब्द अशा थाटात उच्चारले जातात की, जणू ती सनातन सत्येच आहेत. विद्यापीठ म्हणजे राष्ट्राच्या उत्पादनयंत्रणेचा एक सुटा भाग, आणि कुलगुरू म्हणजे त्या भागाला वेळोवेळी तेल घालणारा व्यवस्थापक, ही कल्पना मात्र आकाशातून पडलेली नाही. तिला एक अत्यंत बुद्धिमान, सुसंस्कृत आणि प्रामाणिक प्रवक्ता लाभला होता. क्लार्क केर हे त्याचे नाव. १९११ साली जन्मलेला आणि २००३ साली निवर्तलेला हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अध्यक्ष होता आणि उच्च शिक्षणावरील संशोधन हा त्याच्या उत्तरायुष्याचा व्यवसाय होता.

एका परकीय कुलगुरूसाठी आपल्या साप्ताहिकाची पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, खासगीकरणाच्या विरोधात बोलताना आपलेच काही मित्र केर यांच्या १९६० सालच्या कॅलिफोर्निया योजनेचा दाखला देतात. सरकारी विद्यापीठे, फी नाही, प्रत्येकाला कोठे ना कोठे प्रवेश: आणखी काय हवे, असे ते विचारतात. दाखला खोटा नाही, परंतु तो अर्धा आहे. ती योजना ज्या युक्तिवादावर उभी होती, त्याच युक्तिवादाने पुढे ती पोखरली गेली. आणि हे घडले तेव्हा तिचा शिल्पकार केवळ प्रेक्षक नव्हता.

प्रथम केर यांच्या पदरात त्यांचे श्रेय टाकले पाहिजे. पेन्सिल्व्हेनियातील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे शिक्षण सहावीपर्यंतचे. पुढे होणाऱ्या मुलांच्या शिक्षणापुरते पैसे साठल्याखेरीज लग्न करायचे नाही, असा त्या माउलीचा निश्चय होता आणि तो तिने पाळला. स्वार्थमोर येथील महाविद्यालयात असताना केर क्वेकर पंथाकडे वळले. शांतता, सहमती आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय त्यांच्यात तेथूनच आली असावी. १९३३ साली कॅलिफोर्नियाच्या सॅन वोकीन खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या मजुरांचा प्रचंड संप झाला. त्यांत बहुसंख्य मेक्सिकन स्थलांतरित होते. मळेवाल्यांच्या गोळीबारात संपकरी मारले गेले. बावीस वर्षांचे केर आपले गुरू पॉल टेलर यांच्यासाठी त्या खोऱ्यात हिंडले, मजुरांशी बोलले, टिपणे काढली. विदर्भ-मराठवाड्यातील आपल्या कार्यकर्त्यांना कापूसवेचणीच्या दराचा झगडा समजावून सांगण्याची गरज नाही. शंभर पौंडांच्या वेचणीला मळेवाले साठ सेंट देत होते, मजूर एक डॉलर मागत होते. सरकारने नेमलेल्या समितीने पंचाहत्तर सेंट ठरवले आणि संप मिटला.

हे पंचाहत्तर सेंट लक्षात ठेवावेत. केर यांचे अवघे पुढील आयुष्य ‘पंचाहत्तर सेंट’ शोधण्यात गेले. १९३९ साली बर्कलीतून त्यांनी डॉक्टरेट घेतली, ती बेकारांच्या स्वावलंबी सहकारी संस्थांवर. १९४५ साली बर्कलीत औद्योगिक संबंधांची संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. मालक-मजुरांच्या तंट्यांत लवाद आणि मध्यस्थ म्हणून त्यांचा पश्चिम किनाऱ्यावर लौकिक झाला. मध्यस्थी हे वाईट काम नव्हे. आपल्या कामगार चळवळीतही चांगल्या मध्यस्थाने अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. परंतु मध्यस्थ जेव्हा आपल्या व्यवसायालाच इतिहासाचे तत्त्वज्ञान समजू लागतो, तेव्हा घोटाळा सुरू होतो. १९६० साली केर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी औद्योगिकीकरणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, उद्योगप्रधान समाज, मग तो भांडवलशाही असो वा साम्यवादी, अखेरीस एकाच वळणावर येतो. वर्गसंघर्ष विरत जातो आणि त्याच्या जागी नियमांचे जाळे व ते विणणारे व्यवस्थापक येतात. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशावर चाललेल्या याच अभ्यासमालिकेतून, केर यांचे एक सहलेखक चार्ल्स मायर्स यांनी १९५८ साली भारतातील कामगारप्रश्नांवरही पुस्तक लिहिले होते. तेव्हा ही विचारसरणी आपल्या दाराशी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे.

मनुष्य भित्रा होता असे मात्र कोणी म्हणू नये. १९४९ साली विद्यापीठाच्या रीजंट मंडळाने, म्हणजे उद्योगपती, वकील आणि राजकारणी यांच्या नियामक मंडळाने, प्राध्यापकांवर साम्यवादविरोधी निष्ठापत्राची सक्ती केली. ज्यांनी सही नाकारली अशा ३१ जणांना १९५० साली काढून टाकण्यात आले. केर यांनी स्वतः सही केली होती. परंतु सही न करणाऱ्यांच्या बाजूने ते मंडळासमोर निर्भयपणे बोलले. मॅकार्थीच्या काळात हे सोपे नव्हते. त्या वागण्यामुळेच प्राध्यापकांचा विश्वास त्यांना लाभला. १९५२ साली ते बर्कली शाखेचे पहिले चॅन्सेलर झाले आणि १९५८ साली साऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष. स्वतः सही करायची आणि न करणाऱ्याचा बचावही करायचा! पंचाहत्तर सेंट येथेही आहेत.

आता ती सुप्रसिद्ध योजना. युद्धोत्तर काळात जन्मलेल्या मुलांची लाट महाविद्यालयांच्या दाराशी येऊन ठेपणार होती. १९६० साली केर यांच्या पुढाकाराने राज्याने कायदा करून उच्च शिक्षणाचे तीन मजले बांधले. माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालये, आणि उरलेल्या सर्वांना कनिष्ठ महाविद्यालये. (आपल्या अकरावी-बारावीशी या नावाचा संबंध नाही, पदवीची पहिली दोन वर्षे तेथे शिकवली जात आणि तेथून वरच्या मजल्यावर जाण्याची वाट होती.) राज्यातील रहिवाशांना शिक्षणशुल्क नाही, हे तत्त्व पुन्हा एकदा नमूद करण्यात आले. सॅन दिएगो, अर्व्हाइन, सांता क्रूझ येथे नव्या शाखा निघाल्या. कोणाही मुलाला ‘तुला जागा नाही’ असे सांगायचे नाही, हे त्या काळी जगात फार थोड्या सरकारांनी मान्य केले होते. कोणी नाकारले तरी हे सत्य पुसले जाणार नाही.

परंतु दार सर्वांना उघडे असले, तरी कोण कोणत्या मजल्यावर पोहोचणार, हे कोण ठरवत होते? शाळेतील गुण. आणि शाळेतील गुण कोण ठरवत होते? बापाचा पगार, वस्तीचा रंग, शाळेचा निधी. ज्या मुलांना सर्वाधिक आधार हवा, त्यांच्यावर सर्वांत कमी खर्च. ज्यांच्या घरी आधीच पुस्तकांचे कपाट आहे, त्यांच्यावर सर्वाधिक. केर या चाळणीला गुणवत्ता आणि समता यांचा समन्वय म्हणत. समन्वय कसला? श्रेष्ठींचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा आणि उरलेल्यात सर्वांना सामावून घ्यायचे, असा तो तह होता. तह म्हणून तो अप्रतिम होता. तहाचे एक वैशिष्ट्य असे की, ज्याच्या हाती बळ असते तो ते बळ बदलले की तह मोडतो.

१९६३ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत केर यांनी आपल्या विद्यापीठाचे चित्र रेखाटले आणि त्याला ‘मल्टिव्हर्सिटी’ असे नाव वापरले: एक आत्मा, एक ध्येय नसलेले, अनेक समाजघटकांना अनेक सेवा पुरवणारे अवाढव्य नगर. गेल्या शतकात रेल्वेने आणि चालू शतकाच्या पूर्वार्धात मोटारीने राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेला जी गती दिली, ती यापुढे ज्ञान-उद्योग देईल, हे त्यांचे प्रतिपादन. ‘ज्ञान-उद्योग’ ही संकल्पना त्यांनी फ्रिट्झ मॅकलप या अर्थशास्त्रज्ञाकडून उचलली होती. पण तिला विद्यापीठाच्या सिंहासनावर बसवले ते केर यांनी. त्यांच्या व्याख्यानांत विनोद आहे, स्वतःची थट्टा आहे, कुलगुरूच्या पेशातील केविलवाणेपणाची स्पष्ट कबुलीही आहे. मी केवळ वर्णन करतो, पुरस्कार करत नाही, असे ते पुढे सांगत राहिले. परंतु राजवाड्याचा कारभारी जेव्हा राजवाड्याचे ‘केवळ वर्णन’ करतो, तेव्हा त्याने काय वगळले हे पाहावे लागते. संशोधनाचा पैसा वॉशिंग्टनहून येत होता आणि त्याचा मोठा भाग संरक्षण, अणुशक्ती व आरोग्य या खात्यांचा होता, हे त्यांनी लपवले नाही. लॉस अलामोस आणि लिव्हरमोर येथील अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळा त्यांच्याच विद्यापीठाच्या व्यवस्थापनाखाली चालत. शांतिवादी क्वेकर पंथाचा अनुयायी या व्यवस्थेच्या शिखरावर बसला होता! जो पैसा देईल त्याच्या उपयोगी पडणे हेच विद्यापीठाचे प्रयोजन ठरले की, विवेकबुद्धीचे खाते कोणाच्याच विभागात येत नाही.

१९६४ च्या सप्टेंबरात या नगराच्या वेशीवर ठिणगी पडली. बर्कलीच्या प्रवेशद्वाराशी टेबले मांडून नागरी हक्क चळवळीसाठी निधी गोळा करण्यास व कार्यकर्ते जमवण्यास विद्यापीठाने बंदी केली. त्याच उन्हाळ्यात काही विद्यार्थी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जिवावर उदार होऊन काम करून परतले होते. मारिओ साव्हिओ त्यांपैकी एक. १ ऑक्टोबरला एका कार्यकर्त्याला पकडून पोलिसांनी गाडीत घातले, तेव्हा विद्यार्थी त्या गाडीभोवती बसले आणि ३२ तास ती हलू दिली नाही. केर यांनी वाटाघाटी करून गाडी सोडवली. पुन्हा तोच लवाद, पुन्हा तोच मधला आकडा! पण भाषणस्वातंत्र्याला मधला आकडा नसतो. डिसेंबरच्या आरंभी स्प्राउल हॉलमध्ये विद्यार्थ्यांनी ठाण मांडले आणि सुमारे आठशे जणांना अटक झाली. ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या मागण्यांची पाठराखण केली. विद्यापीठाच्याच ग्रंथालयात नोकरी करणारे समाजवादी हॅल ड्रेपर यांनी त्या शरद ऋतूत केर यांच्या विचारसरणीची चिरफाड करणारी एक पुस्तिका लिहिली. ती विद्यार्थ्यांच्या हातोहात गेली. केर यांच्या व्याख्यानांतील कारखान्याचे रूपक त्या मुलांनी शब्दशः घेतले. संगणकाची छिद्रे पाडलेली कार्डे गळ्यात अडकवून ती हिंडली: आम्ही कच्चा माल नाही.

येथे केर यांचे चाहते म्हणतात की, साम्यवादी वक्त्यांवरील बंदी १९६३ साली याच माणसाने उठवली होती, त्याच्यावरच विद्यार्थ्यांनी हत्यार उपसले. खरे आहे. परंतु स्वातंत्र्य हे वरून खाली दिलेले दान असेल, तर ते उद्या परत मागता येते. विद्यार्थ्यांनी ते हक्क म्हणून मागितले. आणि केर यांचा खरा शत्रू कोण, हे लवकरच उघड झाले. रोनाल्ड रेगन यांनी १९६६ ची निवडणूक बर्कलीतील ‘गोंधळ’ साफ करण्याच्या घोषणेवर जिंकली. गव्हर्नरपदावर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २० जानेवारी १९६७ रोजी रीजंट मंडळाने १४ विरुद्ध ८ मतांनी केर यांना पदच्युत केले. जसा उत्साहाने आलो तसाच जातो, अशा अर्थाचा विनोद त्यांनी केला. इंग्रजीत ‘पेटणे’ आणि ‘नोकरीवरून काढले जाणे’ यांना एकच क्रियापद आहे, त्यावरचा तो श्लेष. मनुष्य हसत गेला, हे त्याच्या मोठेपणाला साजेसेच.

त्या मतदानामागे काय शिजले होते, ते उजेडात यायला २००२ साल उजाडावे लागले. एका वार्ताहराने वर्षानुवर्षे न्यायालयात झगडून मिळवलेली कागदपत्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या दैनिकात छापून आली. एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांच्या खात्याने केर यांच्या हकालपट्टीसाठी पडद्याआड खटपट केली होती. रीजंट मंडळावरील तेलसम्राट एडविन पॉली यांना माहिती पुरवली जात होती. अध्यक्ष जॉन्सन यांना केर मंत्रिमंडळात हवे होते, तेव्हा त्यांच्या चौकशी-अहवालात खोटे ठरलेले आरोप जाणूनबुजून घातले गेले. ज्या राज्यसंस्थेला केर यांनी विद्यापीठाचे दार मोकळे केले होते, तिच्याच गुप्त खात्याने त्यांना खाली ओढले. विद्यार्थ्यांचा उठाव नसता तर केर टिकले असते, असे समजणारे भाबडे आहेत. मालकाला मध्यस्थ हवा असतो तो संप होईपर्यंतच.

पुढील प्रकरण अधिक महत्त्वाचे असून त्याची चर्चा सर्वांत कमी होते. रेगन यांनी येताच शिक्षणशुल्काचा प्रस्ताव मांडला होता आणि केर यांनी त्याला विरोध केला होता. पदावरून दूर झाल्यावर केर उच्च शिक्षणावरील कार्नेगी आयोगाचे प्रमुख झाले. १९६७ ते १९७३ या काळात आयोगाने अहवालांमागून अहवाल काढले. एवढे विपुल संशोधन या विषयावर पूर्वी कोणी केले नव्हते. गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारने थेट अनुदान द्यावे, ही त्यांची शिफारस १९७२ च्या कायद्यात उतरली; आजचे पेल अनुदान ते हेच. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण १९७३ साली याच आयोगाने खर्च कोणी सोसावा यावर अहवाल दिला. त्यात सरकारी महाविद्यालयांनी आपली फी हळूहळू वाढवत शिक्षणखर्चाच्या एकतृतीयांशापर्यंत न्यावी, असे सुचवले. दोन वर्षांच्या महाविद्यालयांना सवलत होती, गरिबांना अनुदान होते, सगळा साज होता. तर्क असा की, पदवीचा लाभ समाजाला होतो तसा व्यक्तीलाही होतो. तेव्हा व्यक्तीने आपला हिस्सा द्यावा. पुन्हा पंचाहत्तर सेंट! फरक एवढाच की १९३३ साली मजूर संपावर होते, म्हणून आकडा साठावरून वर सरकला. १९७३ साली टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोणी बसलेच नव्हते, आणि आकडा शून्यावरून वर सरकला.

शिक्षण हा हक्क आहे की खरेदी, हा प्रश्न एकदा ‘किती टक्के’ या भाषेत उतरला की तो हरलेलाच असतो. कॅलिफोर्नियात १९७० सालीच ‘शैक्षणिक शुल्क’ या नावाने दार किलकिले झाले होते. ‘शिक्षणशुल्क’ हा शब्द टाळण्यापुरती लाज तेव्हा शिल्लक होती. १९७८ साली मालमत्ता-करावर मर्यादा घालणारा तेरावा प्रस्ताव जनमताने संमत झाला आणि राज्याची तिजोरी आकसली. आज त्या विद्यापीठात राज्यातल्याच मुलाची वार्षिक फी दहा हजार डॉलरांच्या बरीच पुढे गेली आहे. गरिबांच्या मुलांची फी अनुदानातून भागते, हे खरे. परंतु जे सर्वांचे होते ते गरिबाला अर्ज करून, उत्पन्नाचा दाखला जोडून मागावे लागते. दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या पालकांना हा फरक कळेल.

आणि आपल्याकडे? १९६४–६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील आपले जे. पी. नाईक होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच आयोगावर रॉजर रेव्हेल हे अमेरिकन शास्त्रज्ञ सदस्य होते, हे फारसे ठाऊक नसते. केर यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेच्या उभारणीत रेव्हेल यांचा मोठा वाटा होता. देशात सहा ‘प्रमुख विद्यापीठे’ जागतिक दर्जाची करावीत, ही त्या आयोगाची एक शिफारस. ती रेव्हेल यांनीच आणली असे मी म्हणत नाही; हवेत काय होते, एवढेच सांगतो. ती शिफारस तेव्हा तशी अमलात आली नाही. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात संशोधनप्रधान विद्यापीठे, अध्यापनप्रधान विद्यापीठे आणि पदवी देणारी स्वायत्त महाविद्यालये असे तीन मजले पुन्हा दिसतात. त्यांच्यात पक्क्या भिंती नाहीत, असे धोरणाचे म्हणणे आहे. पण कॅलिफोर्नियाच्या योजनेत निदान खालून वर जाण्याचा जिना होता. आपल्या धोरणाचे कौतुक चालते ते पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याच्या सोयीबद्दल. फी भरणे झाले नाही म्हणून शिक्षण सोडणाऱ्या मुलीला आता गळती म्हणायचे नाही, ‘निर्गमन’ म्हणायचे.

महाराष्ट्राने तर तहाचीही वाट पाहिली नाही. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि साखर कारखाना, बँक व महाविद्यालय एकाच वाड्यातून चालू लागले. त्या वेळी आपल्यापैकीही अनेकांनी ‘खेड्यातील पोरे इंजिनीअर होतील’ म्हणून मौन पाळले. झाली, काही झाली. जमिनी विकून झाली. आज अनुदानित महाविद्यालयांतही प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर शिकवून घेतले जाते. नेट-सेट, डॉक्टरेट झालेला मनुष्य तासांच्या हिशेबाने मानधन घेतो, उन्हाळ्यात त्याला तेही नाही. पुढल्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा चिठ्ठी. ज्ञान-उद्योगातला हा रोजंदारीवरचा कामगार आपल्या सभांना येतो, मागच्या बाकावर बसतो आणि संस्थाचालकाच्या भीतीने घोषणा देत नाही. त्याला ‘सर’ म्हणून नमस्कार करण्यापलीकडे आपण त्याच्यासाठी काय केले? विद्यार्थ्यांच्या फीचा लढा एकीकडे आणि या माणसाच्या भाकरीचा लढा दुसरीकडे, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे.

कॅलिफोर्नियात ती वाटणी मोडायला सुरुवात झाली आहे. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखांतील सुमारे ४८ हजार अध्यापन-साहाय्यक, संशोधक विद्यार्थी आणि तात्पुरते शास्त्रज्ञ संपावर गेले. अमेरिकेच्या उच्च शिक्षणात एवढा मोठा संप पूर्वी झाला नव्हता. सहा आठवडे तो चालला. वर्ग ओस पडले, उत्तरपत्रिका तपासल्या गेल्या नाहीत, आणि पगारात भरीव वाढ मिळवूनच तो मिटला. घरभाडे देणे अशक्य झाले आहे, ही त्यांची मुख्य तक्रार. ज्ञान-उद्योग मोटार-उद्योगाची जागा घेईल, असे केर यांनी १९६३ साली सांगितले होते. हे ४८ हजार लोक ज्या संघटनेचे सभासद आहेत, तिचे नाव युनायटेड ऑटो वर्कर्स, अर्थात मोटार कामगारांची युनियन.